संकर, नक्कल आणि वंश

राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत, १९१० साली, कोल्हापूर येथे एका सिंहिणीच्या पोटी दोन विलक्षण बच्चे जन्मास आले. त्यांचा पिता सिंह नव्हता. एक थोराड बिबळ्या होता. त्यांपैकी एक बच्चा अडीच महिन्यांचा असतानाच दगावला आणि त्याचे कातडे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीमार्फत रेजिनाल्ड पोकॉक या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाकडे रवाना झाले. पोकॉकने १९१२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा दुसरा बच्चा हयात होता. अर्धा सिंह आणि अर्धा बिबळ्या असा हा जीव पाहणाऱ्याच्या मनात कुतूहलाची पहिली लाट ओसरली की मागोमाग जो प्रश्न उभा राहतो तो फार जुना आहे: याला पुढे पिल्ले होतील काय?

तोच प्रश्न १९९७ च्या फेब्रुवारीत निराळ्या रूपाने साऱ्या जगापुढे उभा राहिला. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरानजीकच्या रोझलिन संस्थेत इयन विल्मट, कीथ कॅम्बेल आणि त्यांचे सहकारी यांनी एका प्रौढ मेंढीच्या शरीरातील पेशीपासून तिचीच प्रतिकृती असलेली मेंढी निर्माण केल्याचे जाहीर झाले, आणि डॉली हे तिचे नाव घरोघरी पोहोचले. पिता नसलेली ही मेंढी गाभण राहू शकेल काय, की खेचराप्रमाणे तीही निसर्गतः वांझच असणार, अशी शंका तेव्हा पुष्कळांनी बोलून दाखविली. आजही सुशिक्षित मंडळींच्या बोलण्यात 'क्लोन' आणि 'संकर' हे दोन शब्द एकाच गोठ्यात बांधलेले आढळतात, आणि मनुष्याने ढवळाढवळ करून जन्मास घातलेला प्राणी वांझ निघणे हा जणू निसर्गाने दिलेला दंडच आहे, अशी एक समजूत त्यांच्या मुळाशी असते. ही समजूत चुकीची आहे. ती का चुकीची आहे हे पाहू गेल्यास वंशसातत्याची व्यवस्था किती सूक्ष्म आहे याचे जे दर्शन घडते, ते मला त्या समजुतीपेक्षा कितीतरी अधिक विस्मयकारक वाटते.

खेचरापासूनच आरंभ करावा, कारण संकरित प्राण्यांमध्ये मनुष्याची सर्वांत अधिक काळ सेवा केली ती याने. गाढव नर आणि घोडी यांच्यापासून खेचर होते. ते गाढवाहून उंच, घोड्याहून काटक, डोंगरवाटेवर पाय न चुकणारे आणि थोडक्या चाऱ्यावर निभावणारे असते. आपल्या लष्कराच्या पहाडी तोफखान्यांनी त्याच्या पाठीवर हिमालयातील घाट ओलांडले आहेत. अशा धडधाकट प्राण्याच्या प्रकृतीत काही उणे असेल असे कोणी म्हणणार नाही. तरीही त्याला अपत्य होत नाही. ही गोष्ट इतकी सर्वश्रुत होती की, 'खेचरी व्याली तर' हा शब्दप्रयोग रोमन लोक 'कधीच नाही' या अर्थाने करीत. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने तर अशी हकीकत नमूद केली आहे की, इराणचा सम्राट दारयवहु बाबिलोन नगरीला वेढा घालून बसला असता, 'खेचरी वितील तेव्हाच तुम्ही हे शहर घ्याल' असे एका बाबिलोनवासीयाने तटावरून हिणवून सांगितले, आणि पुढे वेढ्याच्या विसाव्या महिन्यात झोपिरस नामक सरदाराच्या तळावरील एक खेचरी खरोखरच व्याली.

जो प्राणी स्वतः इतका सुदृढ असतो त्याचा वंशच तेवढा का खुंटावा, या कोड्याचा उलगडा पेशीच्या आत, गुणसूत्रांच्या हिशेबात आहे. घोड्याच्या प्रत्येक पेशीत ६४ गुणसूत्रे असतात, गाढवाच्या पेशीत ६२. गुणसूत्रे जोडीजोडीने नांदतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडून आलेले असते, दुसरे बापाकडून. खेचराला घोडीकडून ३२ आणि गाढवाकडून ३१ मिळतात आणि बेरीज ६३ होते. आता शरीर वाढण्यासाठी पेशी दुभंगते, तेव्हा प्रत्येक गुणसूत्राची स्वतंत्र नक्कल होऊन दोन्ही कन्यापेशींना एकेक प्रत मिळते. त्या कामी एका गुणसूत्राला दुसऱ्याची गरजच पडत नाही. दोन अपरिचित कारकुनांनी एकाच कचेरीत आपापल्या मेजावर मुकाट्याने काम करावे, तशी घोड्याची आणि गाढवाची गुणसूत्रे खेचराच्या देहात आयुष्यभर शेजारी शेजारी राबतात, आणि म्हणूनच खेचराची हाडे, स्नायू, काळीज, सारे काही उत्तम घडते. परंतु शुक्राणू किंवा बीजांड तयार होण्याची वेळ येते तेव्हा निराळेच फर्मान सुटते. त्या विशेष विभाजनात गुणसूत्रांची संख्या निम्म्यावर आणावयाची असल्यामुळे प्रत्येक गुणसूत्राने आधी आपला जोडीदार शोधून, त्याच्याशी डोक्यापासून शेपटापर्यंत बिलगून, काही भागांची अदलाबदल करून मगच विलग व्हावयाचे असते. येथे त्या दोन कारकुनांना प्रथमच एकमेकांचे दफ्तर ताडून पाहावे लागते, आणि दोघांच्या नोंदींचा क्रम, कलमांची विभागणी, पानांची संख्या जुळत नाही असे आढळते. जोडी लागत नाही, विभाजन मध्येच अडते, आणि बीजपेशी परिपक्व होण्यापूर्वीच नष्ट होतात. खेचर वांझ असते ते अशक्तपणामुळे नव्हे. त्याच्या ठायी एकत्र आलेले दोन वारसे एकमेकांना ओळखत नाहीत म्हणून.

क्वचित, अतिक्वचित, एखाद्या मादीच्या बीजांडात गुणसूत्रांची वाटणी दैवयोगाने अशी होते की ते फलनक्षम ठरते. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात १९८४ मध्ये एका खेचरीला शिंगरू झाले, आणि गुणसूत्रांच्या तपासणीने ते तिचेच असल्याचे सिद्ध झाले. नर खेचरापासून मात्र अपत्य झाल्याचा विश्वसनीय दाखला नाही.

एवढ्यावरून गुणसूत्रांची संख्या जुळली की वंश चालतो, न जुळली की खुंटतो, असा सोपा नियम बांधावयाचा मोह होतो. पाठ्यपुस्तकांतून तो तसा बांधलेलाही असतो; परंतु निसर्ग त्याला बधत नाही. मंगोलियातील प्रझेवाल्स्की नावाच्या रानटी घोड्याची गुणसूत्रे ६६, पाळीव घोड्याची ६४. त्यांच्या शिंगरात ६५ असतात, आणि ही विषम संख्या असूनही शिंगरू पुढे प्रजननक्षम निघते. याचे कारण असे की, रानटी घोड्यात जी दोन सुटी गुणसूत्रे आहेत तीच पाळीव घोड्यात परस्परांस जोडली जाऊन एक झाली आहेत. मजकूर तोच, बांधणी तेवढी निराळी, त्यामुळे जोडी लागण्याच्या वेळी एकाशेजारी दोन नीट बसतात. मेंढ्यांतही हेच दिसते. पाळीव मेंढीची गुणसूत्रे ५४, तर लडाखपासून इराणपर्यंतच्या डोंगरांत हिंडणाऱ्या उरियल या रानमेंढीची ५८ आहेत, आणि तरीही त्यांची संकरित प्रजा फळते. याच्या उलट लडाखातच याक आणि गाय यांचा संकर पाहावा. दोहोंची गुणसूत्रे साठ-साठ, हिशेब बरोबर; पण त्यांच्यापासून झालेला नर, ज्याला तेथे झो म्हणतात, तो नांगराला आणि ओझ्याला अत्यंत उपयुक्त असूनही वांझ असतो. त्याची बहीण झोमो मात्र गाभण राहते, विते, आणि याक व गाय यांच्या मधल्या प्रतीचे दूध देते.

एकाच आईबापांची संतती, भाऊ वांझ आणि बहीण फळणारी, हा भेद केवळ याकपुरता नाही. जे. बी. एस. हाल्डेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२२ मध्येच तो नियमरूपाने मांडला: दोन जातींच्या संकरात एक लिंग दुर्मीळ, अनुपस्थित किंवा वांझ असेल, तर ते दोन भिन्न लिंग-गुणसूत्रे धारण करणारे लिंग असते. सस्तन प्राण्यांत ते नराचे लिंग होय. पक्ष्यांत मादीचे, आणि तेथे नियमाप्रमाणेच मादी वांझ निघते. सस्तन नराजवळ 'एक्स' गुणसूत्र एकच असल्यामुळे त्यावरील एखादे जनुक परजातीच्या जनुकांशी फटकून वागले, तर त्याची बाजू सांभाळावयास दुसरी प्रत नसते, हे त्याचे एक मुख्य कारण. या हाल्डेनविषयी आपणांस विशेष आपुलकी वाटावी, कारण उत्तरायुष्यात त्यांनी हिंदुस्थानचे नागरिकत्व पत्करले, कलकत्त्यास आणि नंतर भुवनेश्वरास संशोधन केले, आणि भुवनेश्वरातच १९६४ च्या डिसेंबरात देह ठेवला.

त्यांच्या नियमाचा एक ढळढळीत दाखला कलकत्त्याच्याच अलीपूर प्राणिसंग्रहालयात, त्यांच्या पश्चात, पाहावयास मिळाला. वाघ आणि सिंहीण यांच्या संकरातून १९७१ मध्ये तेथे रुद्राणी नावाची मादी जन्मली. पुढे देवव्रत नावाच्या आशियाई सिंहापासून तिला एकंदर सात पिल्ले झाली. त्यांपैकी क्यूबानाकान हे पिल्लू वाढून किमान ३६३ किलो वजनाचे धूड बनले. खेचराच्या वांझपणाने ज्यांचे मत बनले होते त्यांना रुद्राणीने दिलेले हे उत्तर होते. मात्र असले प्रयोग निव्वळ प्रेक्षकांच्या कुतूहलाखातर करावेत याला माझी संमती नाही. पंजाबात छतबीर येथील प्राणिसंग्रहालयात सर्कशीतून आलेल्या आफ्रिकी सिंहांचा आशियाई सिंहांशी संकर झाला, प्रजा पुष्कळ फळली, पिढ्यांमागून पिढ्या झाल्या, आणि अखेर रोगट, दुबळ्या, ना धड गीरच्या ना धड आफ्रिकेच्या अशा त्या सिंहांचे प्रजननच बंद करण्याची पाळी अधिकाऱ्यांवर आली. संकर वांझ निघाला तर तो त्या जिवापाशी संपतो. फळला तर त्याची जबाबदारी पुढील पिढ्यांना वाहावी लागते.

आता डॉलीकडे वळू. तिच्या जन्माची रीत नीट ध्यानी घेतली म्हणजे ती संकर का नव्हे हे आपोआप उमगते. फिन डॉर्सेट जातीच्या, सहा वर्षे वयाच्या एका मेंढीच्या स्तनग्रंथीतील पेशी रोझलिनच्या प्रयोगशाळेत वाढविलेल्या होत्या. त्या पेशींचे पोषण तोडून त्यांना जवळजवळ निद्रिस्त करण्याची युक्ती कॅम्बेल यांची, आणि यशाचे रहस्य पुष्कळ अंशी तिच्यातच होते. दुसरीकडे काळ्या तोंडाच्या स्कॉटिश मेंढीचे बीजांड घेऊन त्यातील गुणसूत्रे काढून टाकण्यात आली. मग ती निद्रिस्त पेशी आणि ते रिकामे बीजांड विजेच्या सूक्ष्म झटक्याने एकजीव करण्यात आली. अशी २७७ बीजांडे सिद्ध केली, त्यांपैकी २९ गर्भ वाढीस लागले, ते १३ मेंढ्यांच्या गर्भाशयांत ठेवले गेले, आणि ५ जुलै १९९६ रोजी एकच कोकरू जन्मले. त्याचे तोंड पांढरेशुभ्र होते; काळ्या तोंडाच्या मेंढीच्या पोटी ते आले असल्याने ते त्या मेंढीचे नव्हे, हे पाहताक्षणीच कळत होते.

या सगळ्यात दोन जातींची गुणसूत्रे कोठेच एकत्र आली नाहीत. डॉलीच्या पेशीतील ५४ गुणसूत्रे एकाच मेंढीची होती, आणि त्या मेंढीला तिच्या आईबापांकडून रीतसर मिळालेल्या जोड्या त्यांत जशाच्या तशा होत्या. तलाठ्याच्या दफ्तरातील उताऱ्याची नक्कल काढल्याने जमिनीच्या हद्दी जशा बदलत नाहीत, तशी क्लोन केल्याने गुणसूत्रांची जुळणी बदलत नाही. बीजपेशी घडण्याची वेळ आली तेव्हा डॉलीच्या देहात प्रत्येक गुणसूत्राला आपला जोडीदार हजर होता. तिला वेल्श माउंटन जातीचा डेव्हिड नावाचा मेंढा दाखविण्यात आला, ती इतर कोणत्याही मेंढीसारखी गाभण राहिली, आणि १९९८ च्या एप्रिलमध्ये तिला बॉनी ही मादी कोकरू झाली. पुढल्या वर्षी जुळे, आणि त्याच्या पुढल्या वर्षी तिळे, एकंदर सहा. धनगराच्या वाड्यात कोणी या हिशेबाला नाव ठेवणार नाही.

क्लोनिंग निर्दोष आहे असे मात्र यावरून समजू नये. प्रौढ पेशीतील जनुकांवर त्या पेशीच्या कामानुसार रासायनिक खुणा केलेल्या असतात. स्तनग्रंथीच्या पेशीत दुधाचे प्रकरण उघडे असते आणि मेंदूचे मिटलेले. त्या खुणा बीजांडाने थोड्या तासांत पुसून सगळा ग्रंथ पुन्हा पहिल्या पानापासून उघडावा लागतो, आणि हे काम बहुधा अपुरे राहते. म्हणूनच इतके गर्भ वाया जातात, काही कोकरे अवाजवी मोठी जन्मतात, काही जन्मल्यावर लवकरच दगावतात. परंतु येथेही प्रजननाची व्यवस्था आपले औदार्य दाखविते. क्लोनच्या देहात बीजपेशी तयार होताना त्या खुणा पुन्हा एकदा, आणि या वेळी निसर्गाच्या जुन्या शिरस्त्याने, पुसल्या जातात. क्लोन केलेले काही उंदीर अतिस्थूल झाले होते. त्यांची पिल्ले मात्र सामान्य बांध्याची निघाली. नकलेत झालेले असे दोष नकलेबरोबरच राहिले, वारसांपर्यंत गेले नाहीत.

डॉली १४ फेब्रुवारी २००३ रोजी, साडेसहा वर्षांची असताना गेली. सहा वर्षांच्या मेंढीची नक्कल असल्यामुळे ती जन्मतःच म्हातारी होती, असा निष्कर्ष त्या वेळी अनेकांनी घाईने काढला. वस्तुस्थिती अशी की, तिच्या फुप्फुसांत मेंढ्यांमध्ये विषाणूमुळे होणारा कर्करोग झाला होता आणि यातना टाळण्यासाठी तिला शांतपणे मरण देण्यात आले. त्याच कळपातील, क्लोन नसलेल्या मेंढ्याही त्या रोगाने गेल्या होत्या. नॉटिंगहॅम विद्यापीठात केव्हिन सिंक्लेअर यांनी डॉलीच्याच पेशींच्या साठ्यातून जन्मलेल्या चार मेंढ्यांची तपासणी करून २०१६ मध्ये त्या त्यांच्या वयाच्या मानाने निरोगी असल्याचे जाहीर केले. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २०१० च्या ऑगस्टमध्ये जन्मलेली गरिमा-२ ही क्लोन म्हैस पुढे गाभण राहिली, आणि २५ जानेवारी २०१३ रोजी तिला महिमा नावाची रेडी झाली. क्लोनला संतती होते काय, या प्रश्नाचा निकाल आपल्या देशातही असा लागला आहे.

संकर आणि नक्कल या दोन वाटा एकाच प्राण्यात येऊन मिळाल्या, तर काय होईल? अमेरिकेतील आयडाहो विद्यापीठात ४ मे २००३ रोजी आयडाहो जेम नावाचे खेचर जन्मले. ते क्लोन होते. घोड्याच्या कुळातील जगातले पहिले क्लोन. शर्यतीत नावाजलेल्या एका खेचराच्या सख्ख्या भावंडाच्या गर्भपेशीपासून ते बनविले गेले आणि घोडीच्या पोटात वाढले. त्याच वर्षी त्याचे आणखी दोन जोडीदार त्याच पेशींपासून जन्मले. २००६ मध्ये ते शर्यतीतही धावले. ज्या प्राण्याला अपत्य होत नाही, त्याची दुसरी पिढी म्हणजे त्याचीच नक्कल, असा हा प्रकार होता. पण मूळ पेशीत ६३ गुणसूत्रे, म्हणून नकलेतही ६३. खेचराच्या वांझपणात तसूभरही फरक पडला नाही. जननक्षमता नक्कल केल्याने जात नाही, आणि नसली तर नक्कल केल्याने येतही नाही.

हे सारे परक्या प्रयोगशाळांतले वाटत असेल, तर 'क्लोन' या शब्दाचे मूळ आठवावे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ डहाळी. विसाव्या शतकाच्या आरंभी तो वनस्पतिशास्त्रात आला, आणि माणसाच्या संदर्भात तो वापरणाऱ्या पहिल्या काही मंडळींत, १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्याख्यानात, तेच आपले हाल्डेन होते. या मूळ अर्थाने पाहता रत्नागिरीच्या बागेतील हापूसचे प्रत्येक कलम क्लोनच होय. एका झाडाची काडी, दुसऱ्याच्या खुंटावर बसविलेली. आणि जळगावचा केळी उत्पादक तर आयडाहोच्या शास्त्रज्ञांनी खेचरावर केले ते पूर्वापार करीत आला आहे. आपले खाण्याचे केळे रानकेळींच्या संकरातून आलेले आहे. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनांऐवजी तीन संच, एकूण ३३ गुणसूत्रे असतात. तिघांची जोडी लागत नाही, म्हणून बी धरत नाही, आणि म्हणून मुनव्यांपासून किंवा ऊतिसंवर्धित रोपांपासून तेच झाड पुन्हा पुन्हा उभे करावे लागते. यापुढे केळे सोलाल तेव्हा ते मधोमध कापून पाहा. गरात जे बारीक, काळसर ठिपके दिसतात, ती त्याची न धरलेली बीजे आहेत.